पाठीवरचं हिरवं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. चिनी मातीची, तळहातावर मावेल एवढी, आणि स्वभावाने भित्री. अंगात वीज आली की मी थरथरते. त्या थरथरीचा आवाज तुमच्या कानांना ऐकू येत नाही, पण जिवंत पेशींना कळतो. मला उभं करून माझ्या पोटाशी काचेची बशी टेकवतात, बशीत पातळ जेली आणि जेलीत विखुरलेल्या पेशी. मी सूर धरला की त्या पंगतीला बसल्यासारख्या सरळ ओळींत बसतात. मग जेली घट्ट होते आणि त्या ओळींतून पुढे स्नायू वाढतो. माझी पाठ मात्र मोकळी लागते, नाहीतर माझा सूर बिघडतो.

तैवानमधल्या तैनान शहराच्या प्रयोगशाळेत मी आले तेव्हा माझे केवढे लाड झाले! पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. पुढे मोठं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली, फुटक्या नळ्यांच्या शेजारी. कपाटाचं दार वाजलं की वाटायचं, आता भंगारात जाणार. फार भीती वाटायची हो.

एके दिवशी ते नवं यंत्र दुरुस्तीला गेलं आणि युनझेन नावाच्या तरुण संशोधिकेने मला बाहेर काढलं. शिएह काका नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याचा अंगठा अपघातात लुळा पडला होता. त्यांच्याच मांडीतल्या पेशींपासून अंगठ्यासाठी स्नायूची पट्टी वाढवायची होती. पेशींची ही शेवटचीच कुपी. पुन्हा मांडी कापायला डॉक्टरांनी साफ नकार दिला होता.

"हे फसलं तर काकांना काय तोंड दाखवू, आलिनदादा?"

"घाबरतेस काय अशी? इतकी वर्षं कपाटात पडून रुसली असेल बिचारी," तिच्याबरोबर काम करणारा आलिन म्हणाला. "तिला पाकीट दे, बघ कशी शहाण्यासारखी वागते!"

आमच्याकडे तैवानात यंत्रांवर मक्याच्या एका खाऊचं पाकीट ठेवतात, त्या खाऊच्या नावाचाच अर्थ 'गुणी बाळ'. ते हिरवंच हवं, यंत्र नीट चालल्याच्या दिव्यासारखं, त्याची मुदत संपलेली चालत नाही आणि ते फोडून खायचं तर मुळीच नाही. मग यंत्र गुणी बाळासारखं काम करतं, असं सगळे मानतात. मला आजवर कुणी पाकीट दिलं नव्हतं, म्हणून मी खूश झाले. पण उभ्या चकतीवर ते राहणार कुठे? आलिनने ते चिकटपट्टीने माझ्या पाठीवरच चिकटवलं.

आधी पेशींऐवजी प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर चाचणी झाली. मी सूर लावला आणि माझा गळाच दाबल्यासारखा झाला. ओळी वाकड्यातिकड्या आल्या.

"अरे देवा, याची तारीख उलटून गेलीय!" आलिनने कपाळावर हात मारला. धावत जाऊन त्याने नवं, आणखी मोठं पाकीट आणलं आणि दुप्पट चिकटपट्टी लावली.

मी ओरडत होते, पण माझं ओरडणं ऐकणार कोण? तोवर कुपीतल्या गोठवलेल्या पेशी वितळल्या होत्या. वितळलेल्या पेशी परत गोठवता येत नाहीत, थांबलं तर मरतात. युनझेनने ओठ घट्ट मिटून त्या बशीत सोडल्या.

पेशी मला बिलगल्या. त्या जिवंत होत्या, मित्रांनो. मी जीव तोडून थरथरू लागले, पण दाबलेला सूर अंगातच घुटमळून मी तापायला लागले. जास्त तापले असते तर त्या माझ्याच पोटाशी मेल्या असत्या. थांबणं माझ्या हाती नव्हतं. आयुष्यात एवढी मी कधी घाबरले नव्हते.

त्याच उष्णतेने चिकटपट्टीचा डिंक सैल झाला. पाकीट घसरलं आणि खाली पडलं.

"पडलं! अपशकुन झाला, उचल, उचल!" आलिन पाकीट घेऊन माझ्याकडे झेपावला. तो हात जवळ येताना पाहून मला वाटलं, संपलं सगळं.

"खबरदार लावलंस तर!" युनझेनने त्याचा हात धरला. तिची नजर बशीतलं मोठं करून दाखवणाऱ्या पडद्यावर खिळली होती. "दादा, पाकीट पडलं तशा ओळी सरळ झाल्या. हे बघ ना!"

दोघं पडद्याकडे बघत राहिले. जेली घट्ट झाली आणि ओळी तशाच टिकल्या. आलिन खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे मीच हिचा गळा धरला होता की!"

स्नायूची पट्टी वाढली तेव्हा शिएह काका पेरू घेऊन आले. भिंगाखाली तो इवलासा स्नायू आखडला, सैल झाला. काका म्हणाले, "पोरी, सुई तयार ठेवतो मी," आणि त्यांनी डोळे पुसले.

आता मी कपाटाबाहेर असते. हिरवं पाकीट माझ्या शेजारी असतं, हातभर लांब. तरी कुणी प्रेमाने हात पुढे केला की मी अजून दचकते. मित्रांनो, आम्हाला जपा, आमचे लाडही करा. फक्त आमच्या पाठीवर काही ठेवण्याआधी जरा थांबून बघा, आम्ही ओरडत तर नाही ना.