हाकेला धावून आलेली गिऱ्हाइकं

"हात स्क्रीनवर ठेवा," सर म्हणाले.

दादानं ठेवला. वहिनीनंही ठेवला. पडद्यावर सरांचा हसरा चेहरा आणि त्याच्या शेजारी कमेंटांची नुसती रीघ: 'सर, धन्य झालो', 'अंगावर शहारे आले', 'आज दातवाल्यांचं नशीब उघडणार'.

'उंच भरारी' नावाचा हा ऑनलाइन ग्रुप. महिन्याच्या वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअर बनवणारी छोटी छोटी माणसं इथे जमायची आणि गिऱ्हाईक कसं मिळवायचं ते एकमेकांना विचारायची. म्हणजे पूर्वी विचारायची. सर आल्यापासून विचारणं बंद पडलं होतं, ऐकणं तेवढं चालू होतं.

दातवाले म्हणजे आम्ही. दादाचं सॉफ्टवेअर दातांच्या दवाखान्यांसाठी आहे. उद्या अमुक वाजता या, अशी पेशंटला आठवण करून देतं. फर्निचरच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, दिवसभर पॉलिशचा वास. दादा प्रोग्रॅम लिहितो, मी डॉक्टरांचे फोन घेते. वहिनी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि सुटली की आमचे हिशेब बघते.

"आता डोळे मिटा," सर म्हणाले. "तुमचं गिऱ्हाईक जगात कुठेतरी बसलंय. त्याला आतून हाक मारा. तोंडानं नाही, आतून! आणि तुमच्या वेबसाइटवरचं खातं उघडायचं ते बटण... काय लिहिलंय बटणावर?"

"सुरुवात करा," दादा म्हणाला.

"चुकलं! तिथे लिहा, 'मी तयार आहे'. शब्द बदला, स्पंदनं बदलतील."

दादानं शब्द बदलला. नवीन खातं उघडलं की आमच्या कंप्युटरवर टिंग वाजतं. एरवी आठवड्यातून एखाददुसरं वाजायचं. त्या संध्याकाळी एक वाजलं. मग दुसरं. मग घंटांचं दुकान उघडल्यासारखं टिंगटिंग सुरूच झालं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. दादा उभाच राहिला. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

सर मात्र शांत. "हे काहीच नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दादा दादा राहिला नाही. सरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. सर म्हणाले, जुनी गिऱ्हाइकं म्हणजे पायात अडकवलेला दगड, सोडून द्या. सर म्हणाले, फोनवर बोलणारा धंदा कधी मोठा होत नाही, फोन बंद करा. सर म्हणाले, घरात एक पाय नोकरीत आणि एक धंद्यात असला तर ऊर्जा गळते. वहिनीनं लॅबमध्ये राजीनामा देऊन टाकला.

"अरे, ज्या डॉक्टरीणबाई पहिल्यापासून आपल्याकडे आहेत, त्यांना काय सांगू?" मी विचारलं.

"सांग की आम्ही पुढे गेलो."

"कुठे पुढे? ही नवी माणसं पहिले पंधरा दिवस फुकट वापरताहेत. त्यांतलं एक तरी टिकलंय का?"

"टिकतील. आपली श्रद्धा कमी पडली तरच जातील. सरांनी आधीच बजावलंय."

वा रे वा! गिऱ्हाईक आलं तर सरांमुळे, गेलं तर आमच्यामुळे. असा धंदा मलाही आवडेल.

मी माझं काम सोडलं नाही. नवीन डॉक्टर आला की त्याला विचारायचं, पेशंटची नावं भरायला जमतंय ना, काही अडतंय का. मी एकेकाला लिहायला घेतलं. कुणी उत्तर देईना. आत जाऊन बघितलं तर एकाही दवाखान्यात एकही पेशंट नाही. दवाखान्यांची नावं तरी काय! 'शुभ्र दात'. 'छान दात'. एकानं तर कंटाळून नुसतंच 'दात दात' लिहिलेलं. एवढ्या सगळ्यांत एका ठिकाणी फोन नंबर होता. मी लावला.

पलीकडून बाईचा आवाज आला, मागे मांजर ओरडत होतं.

"डॉक्टर, तुम्ही आमच्याकडे खातं उघडलंत, त्यासाठी फोन केला. काही अडचण?"

"मी डॉक्टर नाही हो," बाई गडबडून म्हणाली. "तुम्ही... तुम्ही दातवाले का? अरे देवा. खरा नंबर द्यायचा नव्हता, चुकून गेला."

"मग खातं कशाला उघडलंत?"

तिनं मांजराला हाकललं. मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगायचं नसतं. साधना आहे ती."

प्राण्यांच्या दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवणारी ही बाई. ग्रुपमधलं तिचं नाव मांजरवाली. तीही सरांचीच शिष्या, पण दुपारच्या वर्गातली, आम्ही संध्याकाळच्या. रोज संध्याकाळी सरांचा तिला खासगी निरोप यायचा: आधी गिऱ्हाईक व्हा, मग गिऱ्हाईक येईल. ही लिंक घ्या, नवीन नावानं खातं उघडा, मन शुद्ध ठेवा आणि कुणाजवळ बोलू नका, बोललात तर फळ जाईल.

"तुमच्यावरही सरांनी कृपा केली होती का?" मी विचारलं.

"केली ना! एका दुपारी धडाधड खाती उघडली. पंधरा दिवसांनी सगळी गेली. सर म्हणाले, माझ्या मनात शंका होती."

मी फोन ठेवला आणि दादासमोर जाऊन बसले.

"तुझी साधना काय रे?"

"ते सांगायचं नसतं."

"दुपारी जेवण झाल्यावर पाठ फिरवून करतोस ती. दाखव."

हो-नाही करत त्यानं मोबाइल पुढे केला. लिंकच लिंक. मासेमारीच्या बोटींचं सॉफ्टवेअर, नृत्यशाळेचं, गॅरेजचं आणि एक प्राण्यांच्या दवाखान्याचं.

"दादा, तुझ्याकडे बोट आहे?"

"ते तसं नसतं गं. आपण ऊर्जा देतो..."

"दुपारी त्यांच्या वर्गात चमत्कार होतो, तेव्हा तुमच्या वर्गाची साधना असते. संध्याकाळी तुमच्याकडे चमत्कार, तेव्हा त्यांची साधना. तू त्या मांजरवालीचं गिऱ्हाईक, ती तुझं गिऱ्हाईक. बाहेरचं कुत्रंही फिरकलेलं नाही. मांजर तेवढं ओरडतंय, ते मी आत्ता फोनवर ऐकलं."

दादा हसला नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसात जे वाजत होतं, ते मी वाजवत होतो." त्याचा चेहरा पार उतरला. वहिनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "माझ्या नोकरीचं काय?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्याच आठवड्यात सरांचा ऑनलाइन महामेळा होता. एरवी दोन वर्गांना एकमेकांशी बोलायची बंदी, का तर ऊर्जा मिसळते. पण सरांना एकदा सगळी गर्दी एकत्र बघायची हौस आली. आणि त्यात अनुभव सांगायला बोलावलं कुणाला? दादाला!

"मला नाही जमणार," दादा म्हणाला.

"तू शेजारी बस. मी बोलते."

सरांनी आमचं कौतुक केलं, कमेंटमध्ये फुलं पडली आणि माइक आमच्याकडे आला.

"नमस्कार," मी म्हणाले. "दातवाल्यांकडून एकच विनंती. साधनेत तुम्ही शेवटचं खातं कोणत्या सॉफ्टवेअरवर उघडलं, तेवढं सगळ्यांनी खाली लिहा. बस."

फुलं थांबली.

"ताई," सर गोड हसत म्हणाले, "साधना उघड केली की..."

तेवढ्यात मांजरवालीनं लिहिलं: 'दातवाले.'

दादानं कीबोर्ड ओढला आणि लिहिलं: 'मांजरवाली. बोटवाले. नृत्यशाळा. माझ्याकडे बोट नाही आणि मला नाचता येत नाही.'

मग कुणीतरी लिहिलं, 'गॅरेज'. कुणी लिहिलं, 'बोटवाले, मी पण'. बोटवाला स्वतःच आला: 'अरे, म्हणजे ते सगळे तुम्ही होता?' आणि पडदा भरत गेला. जो तो आपल्या गिऱ्हाइकाला ओळखू लागला.

"हा सहकार आहे!" सरांचा आवाज चढला. "एकमेकांना हात देणं वाईट आहे का?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "मग लपवून का? सहकार चारचौघांत सांगून करतात. आणि स्पंदनांत दम असेल तर आत्ता, आमच्यादेखत, या ग्रुपबाहेरचं एक गिऱ्हाईक आणा. फक्त एक. आम्ही थांबतो."

"तुमच्यात फार नकारात्मकता आहे, ताई."

"आहे. गिऱ्हाईक आणता ना?"

त्यांनी आमचा आवाज बंद केला, मग आम्हाला ग्रुपमधून काढलं. पण सगळ्यांनी वाचायचं ते वाचून झालं होतं.

सगळे शहाणे झाले असं मात्र नाही. सरांचा दरबार आता दुसऱ्या नावानं भरतो आणि गर्दीही होते. वहिनीची जागा लॅबनं भरून टाकली होती. तिला दुसरी नोकरी मिळाली, पण लांबची, जाण्यायेण्यातच जीव निघतो. दादानं जुन्या डॉक्टरांना स्वतः फोन करून माफी मागितली. काही परत आले, काही नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलं झापलं आणि मग विचारलं, बिल कधी पाठवताय?

मला अजून निरोप येतात, की तुम्ही लोकांचा विश्वास मोडलात. हो, मोडला. पुन्हा मोडेन. घरातलं माणूस खोट्या घंटेवर नोकरी सोडत असेल, तर ती घंटा कोण वाजवतंय हे बघायला मी दरवेळी उठेन. मला कुणी नकारात्मक म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.

तुम्हीही उठा. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारा, हे कसं होतं? जो आला तो कोण, त्याचा नंबर द्या, मी बोलतो. आणि कुणी तुमच्या कानात सांगितलं, की ही गोष्ट फक्त तुझ्यासाठी आहे, दुसऱ्याला बोलू नकोस, तर त्याच क्षणी शेजारच्याकडे वळा आणि मोठ्यानं विचारा, "तुला पण हेच सांगितलंय का रे?"