क्लचवरचा पाय

"क्लचवरचा पाय काढ! आधी पाय काढ!"

मधुकाकांचा आवाज चढला तशी क्षिप्राने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. ठाकुर्लीच्या पुलाचा चढ अर्धा बाकी होता. इंजिन ओरडत होतं, गाडी मात्र रांगत होती. मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नव्हता.

मग तो करपट वास आला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या या गाडीची क्लच प्लेट या वर्षी दोनदा बदलून झाली होती. पेडलवर पायाचं नुसतं वजन राहिलं तरी प्लेट नीट चिकटत नाही. ती घासते, तापते आणि इंजिनाचा जोर गिअरपर्यंत पोचत नाही, हे काका प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगत. तरी प्लेट जळायचीच. मालकीण चित्राताई म्हणाल्या होत्या, "काका, आता परत जळली ना, तर गाडी त्या दुसऱ्या शिकवणाऱ्याकडे, देवेशकडे देईन. तुमचा धाकच राहिला नाही."

"काका, पाय खालीच आहे माझा," क्षिप्रा रडकुंडीला आली. "बघा ना!"

ते वाकले. तिची सँडल खरंच मॅटवर होती. क्लचचं पेडल मात्र थोडं दबलेलं होतं.

शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पेडलं असतात, शिकणाऱ्याच्या पेडलांना जोडलेली. काकांनी सावकाश स्वतःच्या पायांकडे पाहिलं. डावा बूट क्लचवर होता.

तो तिथे असल्याचं त्यांना जाणवत नव्हतं.

परवा बाजारात डावी चप्पल निसटली, तेव्हाही त्यांना कळलं नव्हतं. "अहो, एका पायाने अनवाणी कुठे निघालात?" बायकोने, वासंतीने, मागून हाक मारली होती. काकांची शुगर वाढलेली, तिने पाय बधिर होतात हे ठाऊक असूनही दोघं हसले होते.

काकांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला. गाडीने एकदम जोर घेतला.

"चढली! काका, चढली!"

"चढणारच. तुझं काही चुकत नव्हतं."

"मग ओरडत काय होतात एवढं?"

परतीच्या वाटेवर काकांनी तिला एकदाही टोकलं नाही. दोन्ही पाय सीटकडे ओढून, हात हँडब्रेकवर ठेवून ते सारखे खाली बघत होते.

स्कूलच्या दारातच चित्राताईंनी नाक मुरडलं. "परत वास? आता कुणी ठेवला पाय?"

क्षिप्राने मान खाली घातली.

"मी," काका म्हणाले. "उद्यापासून गाडी देवेशला द्या."

"थट्टा करताय का, काका?"

त्यांनी दार उघडलं. डावा पाय बाहेर टाकला, तो जमिनीला टेकला का हे वाकून पाहिलं, आणि मगच त्यावर भार दिला.