बाटलीचा प्रवेश

नवरा कसा मेला हे वहिनीने आतापर्यंत अकरा वेळा सांगितलं होतं. बाराव्यांदा सांगताना तिला जांभई आली.

"चालेल, चालेल," नाटकवाले सर म्हणाले. "थकवासुद्धा खराच आहे. फक्त जांभई देताना तोंड प्रेक्षकांकडे ठेवा."

सर कॉलेजात नाटक शिकवत. गटारं साफ करणाऱ्यांच्या वस्तीत यायचं, त्यांच्याच माणसांना घेऊन त्यांच्याच गोष्टीवर नाटक बसवायचं आणि वस्तीचं दुःख हलकं करायचं, असा त्यांचा उपक्रम होता. माणूस भला. चहा मात्र घरून थर्मासमधून आणत. वस्तीतला चहा आपण अजून एकदाही घेतलेला नाही, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. तालीम संपली की सगळ्यांनी गोल बसून मन मोकळं करायचं, असा नियम होता. बायका घाईघाईने मन मोकळं करत आणि नळाचं पाणी जायच्या आत पळत.

वहिनीचा नवरा दोन वर्षांपूर्वी चेंबरमध्ये उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून गेला. कागदावर आलं, 'मयत दारू प्यालेला होता, तोल जाऊन पडला.' अशा मरणांच्या कागदांवर हेच येतं. इतकी माणसं नेमकी शेवटच्या दिवशीच प्यायला लागतात, याचं नगरपालिकेच्या ऑफिसात कोणाला नवल वाटत नाही. कागदावर मुकादमाची सही होती आणि साक्षीदार म्हणून बुटक्याची. बुटक्या हा नवऱ्याचा जोडीदार, वर उभं राहून दोर धरणारा. तेव्हापासून तो वहिनीच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जायचा. वहिनीला मुकादमाने ऑफिसचे जिने झाडायला ठेवलं, गप्प राहण्याच्या बोलीवर.

प्रयोग ऑफिसच्याच हॉलमध्ये होता. दुपारच्या शेवटच्या तालमीला, नवऱ्याचं काम करणारा कॉलेजचा हिरो हातात बाटली घेऊन आला.

"हे काय?" वहिनीने विचारलं.

"पहिल्या प्रवेशात तो पिऊन येतो," सर म्हणाले. "वहिनी, समजून घ्या. ऑफिसने हॉल दिलाय, त्यांच्या कागदात तसंच आहे. शिवाय व्यक्तिरेखेला जरा खोली येते."

"खोली चौदा फूट होती," वहिनी म्हणाली.

कोपऱ्यात बसलेल्या सासूला राहवलं नाही. "माझ्या पोराला खोकल्याच्या औषधानं झोप यायची, मास्तर. तो कुठली पितोय?"

"आजी, ते प्रतीक आहे."

"मग तुमच्या वडलांच्या फोटोपुढं ठेवा की ते प्रतीक."

सर हसले आणि बाटली राहिली.

घरी येऊन वहिनी भिंतीला टेकली. "आई, बोलले तर उद्यापासून झाडू बंद."

"आणि नाही बोललीस तर?" सासू म्हणाली. "वीस प्रयोग ठरलेत म्हणे. वीस गावांत माझं पोरगं बाटली घेऊन झुलणार."

संध्याकाळी हॉल भरला. पहिल्या रांगेत मुकादम. हिरो झोकांड्या खात आला, तशा वस्तीतल्या माना खाली गेल्या. वहिनीचं येणं तिसऱ्या प्रवेशात होतं. ती आताच रंगमंचावर आली आणि हिरोच्या हातातली बाटली काढून घेतली.

"जा बाळा, आत जा. तुझी काही चूक नाही."

मग ती खाली बसली. पाय दुखत होते.

"त्या दिवशी तो सकाळी सातला निघाला. सदऱ्याचं वरचं बटण मी लावून दिलं. तोंडाला वास असता तर पहिला मला आला असता. आठला झाकण उघडलं. वरून दोर धरला होता की नाही, ते मला आजवर कोणी सांगितलं नाही."

"वहिनी," मुकादम म्हणाला, "नाटकात आहे तेवढंच बोला. उद्या कामावर यायचंय ना?"

"यायचंय. पण आता हे पोटात ठेवून तुमचे जिने चढवत नाहीत."

विंगेत सर वहीत हे वाक्य शोधत होते. मागच्या रांगेत बुटक्या उभा राहिला. त्याच्या बसण्यात आणि उभं राहण्यात फारसा फरक पडत नसल्याने आधी कोणाला कळलंच नाही.

"दोर नव्हता," तो म्हणाला. "मागितला होता. मुकादम म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे. वहिनी, तो प्यालेला नव्हता. सही कर, नाहीतर तू उतर, असं मला म्हणाले. मी सही केली."

वहिनीने हातातली बाटली खाली ठेवली. "बस आता," ती म्हणाली. "दोन वर्षं उभाच आहेस."

मग एक बाई भावाबद्दल बोलली. एक म्हातारा आपल्या फुप्फुसांबद्दल बोलला. मध्ये दोनदा दम घ्यायला थांबला. तासाभराचा प्रयोग तीन तास चालला. कोणाला गोल बसा म्हणून सांगावं लागलं नाही. सरांनी वही मिटली आणि ते खाली, वस्तीतल्या माणसांत येऊन बसले.

सकाळी वहिनीचा झाडू गेला. त्याच सकाळी तुंबलेल्या चेंबरपाशी माणसं कडेला बसून राहिली.

"उतरा," मुकादम म्हणाला.

"मशीन आणा."

"मशीन नाहीये."

"मग आम्हीपण नाही," बुटक्या म्हणाला.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या बाथरूममध्ये पाणी वर आलं आणि प्रश्न गंभीर असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. दुपारी मशीन आलं. लांबून नाही, डेपोच्या मागून, ताडपत्री काढून. साहेबही जातीने हजर होते.

सासूने मशीनच्या पत्र्यावरून हात फिरवला. "यावर काय लिहिलंय गं?"

वहिनीने पट्टीवरची धूळ पदराने पुसली. मशीनचा नंबर होता आणि ते कधी आणलं ते साल. नवरा गेला त्याच्या आदल्या वर्षाचं.

तिने हळूच वाचलं.

"ऐकू नाही आलं," सासू म्हणाली. "परत वाच."

मशीन सुरू झालं होतं. म्हणून वहिनीने पुन्हा वाचलं ते मुकादमाला, साहेबांना आणि समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत नाकाला रुमाल लावून उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.