आखूड पंखांची पाहुणी

माझी आत्या तीस वर्षं गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतणारी कटर होती. समोरच्याचा एक खांदा जरा उतरलेला असला, तरी बोलणं सुरू व्हायच्या आत तिच्या नजरेत भरतो.

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता तिला स्वयंपाकघराच्या जाळीवर एक फिकट हिरवा किडा दिसला. नखाएवढा, मिशा मात्र अंगाहून लांब. तिने तो पेल्याखाली धरला आणि मला फोटो काढून संग्रहालयाला पाठवायला लावला. तिथल्या कीटकतज्ज्ञांनी कळवलं, ‘नेहमीचाच झुडपी नाकतोडा. पिल्लू आहे, पंख वाढायचेत.’

"पिल्लू कसलं डोंबलाचं!" आत्या म्हणाली. "मागची ही अंडी घालायची नळी बघ, पुरी वाढलेली. बाही आखूड दिसली की कपडा अर्धवटच म्हणायचा का? कटच तसा असेल."

ती पेला घेऊन थेट संग्रहालयात गेली, मी मागोमाग. तज्ज्ञांपुढे तिने स्वतः मापं घेऊन काढलेलं दसपट मोठं चित्र ठेवलं. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिले.

"ताई, मी चुकलो," ते सरळ म्हणाले. "ही डोंगरांपलीकडची जात. पंख एवढेच, उडता येत नाही. आपल्याकडे हिची नोंदच नाही. एखाद्या मालट्रकमधून आली असेल, एकटीच."

बाहेर आल्यावर आत्या पुटपुटली, "एकटीच कशावरून?"

थंडी संपल्यावर ती रोज सकाळी कुंपणाच्या झाडीखाली छत्री उलटी धरून काठीने फांद्या हलवू लागली. शेजारीण हसायची, "पाऊस खालून येतोय का हो?" आत्या म्हणायची, "आला तर सांगते."

एकोणिसाव्या दिवशी छत्रीत तीन पिल्लं पडली, तांदळाच्या दाण्याहून लहान. गुलाबावरचे मावा किडे खायला घालून तिने ती बरणीत वाढवली. तिन्ही कात टाकत मोठी झाली. पंख आखूडच राहिले.

फोन केल्यावर तज्ज्ञ दुपारच्या बसने आले. बरणीवरून त्यांची नजर हटेना.

"ही इथेच जन्मलीत, ताई. म्हणजे इथे वस्ती आहे त्यांची. माझ्या अख्ख्या विभागाला जमलं नसतं हे." मग जरा संकोचून म्हणाले, "छत्री मी धरू का?"

"धरा की," आत्या काठी उचलत म्हणाली, "पण हात स्थिर हवा हं."