फळीपलीकडचा भिडू

थोरल्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे साचे पाठवत आणि हा दिवसभर खिडकीपाशी बसून गुलाबी हिरड्यांवर कानस फिरवी. काम चोख होतं, हे त्याचे शत्रूसुद्धा मान्य करत, आणि शत्रूंची त्याला वानवा नव्हती. वरचा दात खालच्या दातावर केसभर जरी आधी टेकला, तरी तो कवळी फोडून नव्याने करी. माणसांच्या बाबतीतही त्याचं तेच होतं, फक्त फोडल्यावर तो ती नव्याने करत नसे.

सगळ्यात जवळचा शत्रू फळीपलीकडे राहत होता. सख्खा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या खोलीच्या दोन केल्या, तेव्हा मधली प्लायवुडची फळी चार बोटं थोरल्याच्या बाजूला सरकली. धाकट्याने सुताराला फितवलं असं थोरल्याचं म्हणणं, आणि थोरल्याला दातांपलीकडे काही मोजता येत नाही असं धाकट्याचं. तेव्हापासून अबोला. अगदीच अडलं तर मध्ये आई. "आई, त्याला सांग, बेसिन तुंबलंय." 'तो' हातभर अंतरावर दात घासत उभा असे. आई बिचारी सांगायची. पुढे पुढे ती कंटाळली आणि नुसती मान इकडून तिकडे वळवू लागली.

थोरल्याच्या बायकोने हे पाच वर्षं सोसलं. सहाव्या वर्षी तिने बॅग भरली. "वेगळं घर बघा, त्या दिवशी येते," ती दारातून म्हणाली, "तोपर्यंत फोनवर गोड बोलू नका. मला तुमच्या गोड बोलण्याचाही आता वीट आलाय." आणि ती माहेरी गेली ती गेलीच.

भाड्याच्या घराला अनामत लागते, आणि कवळ्यांतून ती काही निघत नव्हती. म्हणून थोरला पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळू लागला. असला माणूस खेळायला बसला तरी आधी नियम वाचणार. साइटवर 'सुरक्षित आणि न्याय्य खेळ' नावाचं लांबलचक पान होतं. पत्ते यंत्र पिसतं, त्या यंत्राची बाहेरचे तज्ज्ञ तपासणी करतात, तुमचे पत्ते तुमच्याशिवाय कुणालाही दिसत नाहीत. थोरल्याने ते पान तीनदा वाचलं आणि एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही. जरा हरला की तक्रार. पहिल्या महिन्यात त्याने कंपनीला नऊ तक्रारी पाठवल्या. नऊही वेळा उत्तर आलं की काहीही गैर आढळलं नाही. हरलेल्या माणसाला याहून संतापजनक उत्तर नसेल.

त्याने तिथे 'कानस' हे नाव घेतलं होतं. एका रविवारी दुपारी टेबलावर सहा जण होते. शेवटी 'कानस' आणि 'सातवा मजला' एवढेच उरले आणि कानसने बाजी मारली. त्याच क्षणी फळीपलीकडून आवाज आला, "ह्या कानसच्या तर! कोण आहे हा नालायक?"

थोरल्याने कप खाली ठेवून फळीला कान लावला. सहा वर्षांत भावाने त्याच्याबद्दल इतक्या कळवळून काही म्हटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. त्या दिवसापासून 'सातवा मजला' जिथे बसेल तिथे 'कानस' जाऊन बसू लागला.

फळी पातळ होती, आणि धाकट्याला पोटात काही ठेवता येत नसे. चांगली पानं आली की तो खुशीत बायकोला हाक मारी, "ऐकलंस का, चहा टाक!" हातात काहीच नसताना थाप मारायची असली, की आधी घसा खाकरायचा आणि मग काहीतरी गुणगुणायचा. पंधरा दिवसांत थोरल्याला त्याची सगळी बाराखडी पाठ झाली. पलीकडे चहाची हाक आली की हा निमूट पत्ते टाकून मोकळा. पलीकडे घसा खाकरला की हा होते नव्हते तेवढे पैसे पुढे सरकवी. लाज वाटली का? छे! मी कुणाचे पत्ते बघतो का, माझ्या घरात बसलोय, माझे कान माझे, असा त्याचा सरळ हिशेब. चार बोटं जागेची भरपाई चालली होती.

दोन महिन्यांत अनामत जमली. घरमालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. बायकोला कळवल्यावर ती फक्त "बघू" म्हणाली, पण तिच्या तोंडून "बघू" म्हणजे पुष्कळच होतं. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी पैसे काढून देवाचे आभार मानले असते. पण शेवटच्या डावात 'गरुड' नावाच्या कुणा तिऱ्हाइताने अगदी शेवटच्या पानावर थोरल्याला हरवलं. रक्कम किरकोळ, पण वरचा दात केसभर आधी टेकला होता. निकाल लागेपर्यंत पैसे खात्यातच ठेवून त्याने तिथल्या तिथे दहावी तक्रार ठोकली. गरुड लबाड आहे, या टेबलाची पहिल्या दिवसापासून कसून तपासणी व्हावी.

कंपनीने या वेळी खरोखरच कसून तपासणी केली. आठव्या दिवशी उत्तर आलं. गरुड निर्दोष. मात्र 'कानस' आणि 'सातवा मजला' एकाच घरातून, एकाच इंटरनेटवरून खेळतात आणि सदैव एकाच टेबलावर बसतात. एक जण जोरात असला की दुसरा पत्ते टाकतो, एक जण कमकुवत असला की त्याचे पैसे अचूक दुसऱ्याकडे जातात. हे दोघे भिडू असून संगनमताने बाकीच्यांना लुबाडत असावेत. सबब दोन्ही खाती गोठवली आहेत. दोघांनी एकत्र व्हिडिओ कॉलवर येऊन खुलासा करावा.

इंटरनेट आईच्या नावावर होतं. दुसऱ्याला फुकट मिळू नये म्हणून दोघांपैकी एकानेही स्वतःच्या नावावर घेतलं नव्हतं.

तेच पत्र धाकट्यालाही आलं होतं. तो तरातरा सामाईक स्वयंपाकघरात आला.

"आई, त्याला सांग, दोन महिने माझे पैसे खाणारा कानस कोण, ते आज कळलं मला."

"आई, त्याला सांग, खेळात हारजीत व्हायचीच."

"आई, त्याला विचार, मी थाप मारतोय हे ह्याला दर वेळी कसं कळायचं?"

"कसली थाप?" आई गोंधळली.

धाकट्याची बायको कप विसळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला चांगली पानं आली की तुम्ही चहा मागता. दिवसाला दहा दहा कप करते मी. अख्ख्या घराला ऐकू जातं."

धाकटा आधी फळीकडे बघत राहिला, मग भावाकडे. एवढा रागीट माणूस, पण बायकोच्या हातचा कप घेऊन शांतपणे पुसू लागला. थोरल्याला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. पण त्याला फक्त महिनाअखेर दिसत होती.

"आई, त्याला म्हणावं, अधिकाऱ्याला एवढंच सांग की आम्ही सहा वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही. ते खरंच आहे. खाती सुटतील, दोघांचीही."

"सांग त्याला," धाकटा म्हणाला, "जे खरं आहे तेच सांगीन."

दोन दिवसांनी सकाळी दोघं आईच्या पलंगावर शेजारी शेजारी बसले. खांद्याला खांदा लागू नये म्हणून दोघंही बाहेरच्या बाजूला कलले होते. समोर पिठाच्या डब्याला टेकवून धाकट्याने आपला फोन उभा केला. तपासणी अधिकारी बाई शांत आवाजाच्या होत्या. थोरल्याने गळ्याची शपथ घेतली, आईची घेतली, फळीच्या चार बोटांपासून सगळी कहाणी सांगितली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि त्या धाकट्याकडे वळल्या.

"खेळ चालू असताना तुमच्याकडे कसे पत्ते आहेत, हे तुम्ही भावाला कळवत होता का?"

"हो," धाकटा म्हणाला.

"काय?" थोरला उडालाच.

"रोज कळवत होतो. मोठ्याने बोलून."

"खोटं आहे! साफ खोटं! हा माझ्याशी बोलतच नाही, बाई!"

"मग त्यांचे पत्ते तुम्हाला कसे कळत होते?" बाईंनी विचारलं.

थोरल्याने तोंड उघडलं. चोरून ऐकलं म्हणावं तरी पैसे जाणार, गप्प बसावं तरी जाणार. दहा तक्रारी लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. बाईंनी सांगितलं की दोन्ही खाती कायमची बंद होतील आणि त्यांतली रक्कम त्या टेबलावरच्या बाकीच्या खेळाडूंना वाटली जाईल. त्यांत गरुडही होता. कॉल संपला.

"तुझेही गेले की रे, गाढवा!" थोरला किंचाळला. आई दारातच उभी होती, पण त्याला तिची आठवण राहिली नाही. सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य तो थेट भावाच्या तोंडावर बोलला.

धाकट्याने डब्याला टेकवलेला फोन उचलून खिशात टाकला.

"गेले ना," तो म्हणाला. "पण माझी बायको घरात आहे."