साडेबावीस अंश

महिपतीनं प्रिंट थेट की-बोर्डवर पसरली आणि प्रणिताचे दोन्ही हात तिच्याखाली अडकले.

"हे काय काढलंय, मॅडम?"

तिनं हात ओढून घेतले. स्क्रीनवर अर्धवट टाइप केलेली ओळ तशीच लुकलुकत राहिली. ड्रॉइंग ऑफिसात बूट घालून यायचं नाही असा नियम होता. महिपतीच्या बुटांचे काळे ठसे दारापासून तिच्या खुर्चीपर्यंत उमटले होते.

"काय झालं?"

"भोकं." त्यानं प्रिंटवर जाड बोट टेकवलं. "मध्यावर आलीत. मध्याच्या दोन्ही बाजूंला पाहिजेत."

प्रिंट एका मोठ्या टाकीची होती. टाकीला चौदा तोंडं, आणि प्रत्येक तोंडावर फ्लँज, म्हणजे आठ भोकांची जाड लोखंडी चकती. त्या भोकांतून बोल्ट घालून बाहेरचे पाइप जोडायचे. रोह्याजवळच्या वसाहतीतल्या या कारखान्यात महिपती फिटर होता. चकती तोंडावर कशी बसवायची, कुठलं भोक कुठं आणायचं, हे बघून ती वेल्डरसमोर धरायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम.

"आठ आहेत ना?" प्रणिता म्हणाली. "अंतर सारखं आहे ना?"

"अंतर सारखंच हाय. पर सगळी अर्ध्या घरानं, दोन भोकांमधल्या अंतराच्या निम्म्यानं, फिरवायला पाहिजेत."

पलीकडे ड्रॉइंग बोर्डवर वाकलेल्या विशालनं मान वर केली. तो हसला नाही, पण पेन्सिल खाली ठेवून मजा बघायला मोकळा झाला. आठ महिन्यांपूर्वी हा कॉम्प्युटर आणि त्याच्याबरोबर प्रणिता आली, तेव्हापासून ऑफिसातले चौघंही तिला आपसात 'टायपिस्ट' म्हणायचे. ते तिला ठाऊक होतं.

"काका, हे हातानं नाही काढलेलं," ती म्हणाली. आवाज चढलाय हे तिला कळत होतं. "कॉम्प्युटरनं काढलंय. त्यात चूक होत नाही."

"मशीन चुकली असं कुठं म्हटलं मी?"

"मग ड्रॉइंगमध्ये आहे तसं लावा. तुमचं काम लावायचं आहे, तपासायचं नाही."

केबिनचं दार उघडलं. ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख कुंटे साहेब चष्मा कपाळावर सरकवून उभे होते.

"महिपती, तुला काय कळतं रे त्या मशीनमधलं? दिलंय तसं कर. जास्तीचा शहाणपणा नको."

महिपतीनं प्रिंट उचलली आणि कडेला कड लावून तिची नीट घडी घातली.

"दिलंय तसं करतो," तो म्हणाला.

तो गेल्यावर प्रणितानं फडकं ओलं करून जमिनीवरचे ठसे स्वतः पुसले. विशाल बघत होता. तिनं जोरजोरात घासलं.

फ्लँजचं ते काम तिचं आवडीचं होतं. बोर्डवरच्या माणसाला आठ भोकं काढायची म्हणजे आठदा कोन मोजायचा, आठदा कंपास टेकवायचा. तिला फक्त एक वर्तुळ काढावं लागे. मग केंद्र दाखवायचं, आकडा आठ द्यायचा, फेरा पूर्ण सांगायचा, आणि बटण दाबताक्षणी उरलेली सात आपापल्या जागी उमटायची. ती पुरी झालेली चकती उचलून चौदा तोंडांवर ठेवायची. पाहुणे आले की कुंटे साहेब तिला तेवढंच करून दाखवायला लावत. पाहुणे वा म्हणत, आणि साहेब असं हसत जणू बटण त्यांनीच दाबलं होतं.

पहिलं वर्तुळ कुठं काढायचं, हे तिला पेणच्या डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं आणि पनवेलच्या कॉम्प्युटर क्लासातही नाही. ते तिनं मध्यरेषेवर, अगदी वर, बारा वाजतात तिथं काढलं होतं. दिसायला ते नीटस होतं.

तीन आठवड्यांनी टाकी घेणाऱ्या कंपनीचा इन्स्पेक्टर आला. सत्त्याण्णवचा ऑक्टोबर होता, शेडचे पत्रे तापलेले. टाकी आडवी ठेवलेली, तिच्या चौदा तोंडांवर चौदा फ्लँज पक्क्या वेल्ड केलेल्या. इन्स्पेक्टरनं पहिल्या फ्लँजवर लेव्हलची पट्टी धरली. मग दुसऱ्या. पाचवीपर्यंत गेल्यावर त्यानं पट्टी खिशात घातली.

"सगळी भोकं मध्यावर आहेत," तो म्हणाला. "आमच्या साइटवरच्या पाइपांची भोकं मध्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, जगात सगळीकडे असतात तशी. याला एक बोल्ट जाणार नाही." मग त्यानं टाकीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "पण बसवलीत मात्र तंतोतंत. एवढं नेमकं चुकलेलं मी कधी बघितलं नाही."

प्रणिता शेडच्या दाराशी उभी होती. अर्धं घर. इन्स्पेक्टर महिपतीचंच म्हणणं सांगत होता.

कुंटे साहेब महिपतीकडे वळले.

"बावीस वर्षं काय झक मारलीस इथं? भोकं दोन्ही बाजूंना येतात, हे शेंबड्या पोराला कळतं!"

"ड्रॉइंगमधी तसं हुतं, साहेब."

"ड्रॉइंगमध्ये विहिरीत उडी मार लिहिलं असतं तर मारली असतीस?"

"तुम्हीच म्हनालात, शहाणपणा नको."

"मी? मी कधी म्हटलं?" साहेबांच्या मानेची शीर टरारून फुगली. शेडमधले वेल्डर, हेल्पर सगळे थांबले होते. "ड्रॉइंग बरोबर आहे. तुला वाचता येत नाही, हे बोल ना!"

महिपतीचा जबडा हलत होता, काहीतरी चावत असल्यासारखा. साहेबांनी गर्दीवरून नजर फिरवली, ती प्रणितावर येऊन थांबली.

"ऑफिसात ये."

केबिनचं दार त्यांनी स्वतः लावलं.

"किती फिरवायला लागतील?"

"साडेबावीस अंश."

"फिरव. नवी प्रिंट काढ. तारीख तीच ठेव. शेडमधली जुनी मी मागवून घेतली आहे."

"साहेब, चूक माझी होती. काका सांगायला आले होते, मीच त्यांना..."

"तुझं प्रोबेशन कधी संपतं?"

"डिसेंबरात."

"मग बस आणि कर."

ती बसली. काम काहीच नव्हतं. तिनं एक फ्लँज दुरुस्त केली, तशा चौदाच्या चौदा वळल्या. चूक करायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाही लागला नाही. कागद प्लॉटरवर चढवून ती बाजूला उभी राहिली. प्लॉटरचं पेन चिरचिरत एकेक वर्तुळ काढू लागलं. एकशेबारा भोकं. प्रत्येकासाठी पेन थांबायचं, टेकायचं, गोल फिरायचं, उचलायचं. अर्धा तास तिला तिथून हलता येईना. कागद फाडून टाकावा असं तिला चारपाच वेळा वाटलं. फाडला नाही, म्हणून तिला स्वतःची शिसारी आली.

त्याच दुपारी महिपतीला निलंबित केल्याचं पत्र मिळालं.

चौकशी पुढच्या गुरुवारी, कँटीनशेजारच्या खोलीत, सकाळी अकराला. चौकशी करायला अलिबागचे एक वकील आले होते. महिपती इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. इतक्या महिन्यांत प्रणितानं त्याला खाकी कपड्यांशिवाय पाहिलं नव्हतं. त्या शर्टात तो लहान दिसत होता.

कुंटे साहेबांनी प्रिंट टेबलावर उलगडली.

"मिस प्रणिता," वकील म्हणाले, "शेडमध्ये कामासाठी दिलेल्या ड्रॉइंगची हीच प्रत ना? फक्त हो किंवा नाही सांगा."

तिनं महिपतीकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. प्रिंटवर वाकून भोकं बघत होता. एका फ्लँजवरून दुसरीवर त्याची नजर गेली, मग त्यानं अगदी थोडीशी मान हलवली. बरोबर आहे, अशी. ज्या कागदानं त्याची नोकरी जायची होती, तो कागद बरोबर काढलाय, एवढंच त्याला दिसत होतं.

प्रणितानं प्रिंटवर तळहात ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "ही मागच्या आठवड्यात काढली आहे."

"प्रणिता!" कुंटे साहेब ओरडले.

"ही प्रिंट टाकी नापास झाल्यावर काढली. तारीख खोटी आहे. आधीच्या ड्रॉइंगमध्ये भोकं मध्यावर होती. ते मी काढलं होतं. काका सांगायला आले होते. मी त्यांना सांगितलं, तुमचं काम तपासायचं नाही. आणि साहेब म्हणाले, शहाणपणा नको. विशालनं ऐकलंय. त्याला बोलवा."

तिचा आवाज इतका चढला होता की कँटीनमधला भांड्यांचा आवाज थांबला. वकिलांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"बसा," ते म्हणाले. "आणि सावकाश सांगा. मला लिहून घ्यायचं आहे."

सोमवारी महिपती कामावर रुजू झाला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर प्रणिताला तिचं पत्र मिळालं. प्रोबेशनच्या काळातलं काम समाधानकारक नसल्यामुळे सेवेची आवश्यकता उरलेली नाही. खाली कुंटे साहेबांची सही होती. साहेब त्यांच्या जागेवरच होते. दार बंद होतं.

रोहा स्टेशनात चारची गाडी लागलेली होती. डब्यात माणसं तुरळक. ती खिडकीशी बसली. गाडी हलता हलता समोरच्या बाकावर कुणीतरी धपकन बसलं. महिपती होता, खाकी कपड्यांत, मांडीवर डबा.

"तुमची शिफ्ट?"

"अर्धी रजा टाकली."

तो आभार मानेल असं तिला वाटलं. तिला ते नको होतं, आणि हवंही होतं. महिपती बराच वेळ डब्याची कडी उघडमीट करत राहिला.

"बाय, एक सांगायचंय. तुम्हाला वाटत असल, तुम्ही सांगितलं म्हणून मी तसं लावलं."

"मग?"

"टाकी नापास होणार, हे मला ठावं हुतं. तो इन्स्पेक्टर मधी दोनदा येऊन गेला, माझ्याशेजारी उभा राहून च्या प्यायला. त्याला बोट दावलं असतं तर तिथंच थांबलं असतं. नाय दावलं." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "चौदाच्या चौदा लेव्हल लावून बसवल्या. केसाएवढं इकडं तिकडं नाय. म्हटलं, पडू दे बयेचं थोबाड. साहेबाचं बी. दर फ्लँजला बरं वाटायचं."

प्रणिता त्याच्याकडे वळली.

"आणि हे त्या खोलीत का नाही सांगितलंत?"

"नोकरी जात हुती माझी."

"माझी नव्हती जात?"

त्यानं डब्याची कडी खटकन लावली.

"मी तिथं सगळं माझ्या अंगावर घेतलं!" ती म्हणाली. मागच्या बाकावरची भाजीवाली वळून बघायला लागली. "सगळं. तुम्ही समोर बसला होतात. मला हे माहीत असतं तर मी तोंड उघडलं नसतं."

"म्हणून तर नाय सांगितलं."

तिनं पर्स छातीशी घट्ट धरली.

"घरी काय सांगू मी आता?" ती शेवटी म्हणाली, त्याला नव्हे, खिडकीला. "बाबा पहिल्या दिवसापासून सांगत होते, कारखाना बाईमाणसाची जागा नाही. आता म्हणतील, बघ, काम जमलं नाही म्हणून काढली. पत्रातही तेच लिहिलंय."

महिपतीनं डबा मांडीवरून बाजूला ठेवला.

निडी आलं. गाडी थांबली. महिपतीचं गाव हेच. भाजीवाली टोपली सावरत उतरली. शिटी झाली, गाडी हलली. महिपती तसाच बसून होता.

"निडी गेलं," प्रणिता म्हणाली.

"व्हय. बघितलं."

"कुठं चाललात?"

"पेणला. तुमच्या बापाला कुणीतरी सांगायला पाहिजे. काम जमत नव्हतं म्हणून नाय काढली, ते." त्यानं घसा खाकरला. "आनि बाकीचं बी. मी काय केलं ते."

"मला नकोय तुमची मदत."

"मदत नाय ती."

"मी घर दाखवणार नाही."

"नका दावू. मी विचारत जाईन."

ती खिडकीकडे वळून बसली. नागोठणं गेलं. कासू गेलं, भातखाचरं पिवळी पडलेली, मधे बांधावर कुणी एक बाई छत्री उघडून उभी. तिनं एकदाही मान वळवली नाही. राग तसाच होता. तो कुणावर आहे, हे मात्र तिला आता पहिल्यासारखं नेमकं सांगता आलं नसतं.

पेणला ती आधी उतरली. भराभर चालत पुलाखालून बाहेर आली, रिक्षांच्या रांगेपर्यंत गेली. पहिल्या रिक्षावाल्यानं मीटरवर हात ठेवून विचारलं, "एकट्याच ना?"

प्रणिता आत बसली, आणि सरकून पलीकडच्या कडेला झाली.

"नाही," ती म्हणाली. "थांबा जरा. एक माणूस येतोय मागून."