एकमेव स्तुती

यागोदा एकोणीस वर्षं दर शुक्रवारी पत्र लिहीत होती, आणि तेवढ्या वर्षांत तिने एकाच कंपनीची स्तुती केली होती. तीही एकदाच.

पत्र म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. शुक्रवारी दुपारी चार वाजता ते नऊशेएक लोकांना ईमेलने जायचं. वाचक बहुतेक तिच्याच पिढीचे. नोव्ही साद शहर आणि आसपासच्या गावांतले केस पिकलेले प्रोग्रॅमर, काही मास्तर, दोन-तीन डॉक्टर. आठवडाभर तंत्रज्ञानाच्या जगात जो गाजावाजा व्हायचा तो ती सकाळच्या कॉफीबरोबर वाचायची, आणि शेजारणीच्या सुनेबद्दल बोलावं तशी त्याच्याबद्दल लिहायची. ‘या आठवड्यात सात क्रांत्या झाल्या. एकीतही राजा बदलला नाही.’ ‘नवं घड्याळ आलंय, ते श्वास घ्यायची आठवण करतं. माझी आजी पंच्याण्णव वर्षं कुणी आठवण न करता श्वास घेत होती. शेवटी एकदा विसरली.’ ‘आम्ही एक कुटुंब आहोत असं कंपनी म्हणाली की समजावं, दोन महिन्यांत कुणाचं तरी ताट उचललं जाणार.’

लोक हसायचे, पण नुसते हसायचे नाहीत. नवा फोन घ्यावा का, बँकेचं नवं अ‍ॅप उघडावं का, फोटो कुठे ठेवावेत, हे ते यागोदाचं पत्र वाचून ठरवायचे. ती ज्याला नावं ठेवते ते वाईट असतंच असं नाही, पण तिने फसवलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ती अजून नोकरी करत होती, त्रेसष्टाव्या वर्षी. पगार आणि पत्र या दोन्हींपैकी एक सोडायला सांगितलं असतं तर तिने पगार सोडला असता.

दर शुक्रवारी चार वाजून पाच मिनिटांनी पहिलं उत्तर यायचं ते मिलोयेचं. एका ओळीचं. ‘कुमा, आज मीठ बरोबर पडलंय.’ किंवा ‘आज हात आखडलास.’

मिलोये तिचा कूम. तिच्या लग्नात साक्षीदार म्हणून तोच उभा होता, आणि तिच्या लेकीला, नेव्हेनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणाराही तोच. वर देव, खाली कूम, असं म्हणतात. कुमाला नाही म्हणायचं नसतं, कुमाला कोर्टात खेचायचं नसतं. पण हे नातं जुळायच्या आधीपासून दोघं एकत्र काम करत होती. साखर कारखान्यातल्या बीट तोलायच्या काट्याचा प्रोग्रॅम त्या दोघांनी चौऱ्याऐंशी साली लिहिला. काट्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. बाहेर बीटांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, आत एक यंत्र आणि दोन खुर्च्या. यंत्र तापलं की मिलोये दार उघडायचा, आणि हिवाळ्यात यागोदाला थंडी वाजली की बंद करायचा. मग यंत्र तापायचं. काही चुकलं की कारखान्याच्या साहेबासमोर बोलायचं काम यागोदाचं, कारण मिलोयेची जीभ साहेबासमोर टाळ्याला चिकटायची.

यागोदाचा नवरा स्तेव्हान रेडिओवर होता. तेव्हा प्रोग्रॅम कॅसेटवर असायचे, आणि स्तेव्हान ते रेडिओवरून वाजवायचा. पाच-पाच मिनिटं नुसता खरखराट आणि किंकाळ्या. पोरं घरोघरी तो आवाज टेप करून घ्यायची आणि आपल्या यंत्रात घालायची. म्हाताऱ्या बायका फोन करून सांगायच्या, तुमचा रेडिओ बिघडलाय. स्तेव्हान म्हणायचा, ‘आजी, बिघडलेला नाही, तो विचार करतोय.’ ते सगळं कुणी विकत नव्हतं आणि कुणी विकत घेत नव्हतं. स्तेव्हान जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

मिलोयेने निवृत्त झाल्यावर ‘तावान’ काढली. तावान म्हणजे माळा. लोकांनी माळ्यावर टाकलेल्या कॅसेट पाठवायच्या, मिलोयेच्या माणसांनी त्यांतला आवाज साफ करून कायमचा जपून ठेवायचा. बारसं, नाताळ, आजोबांच्या गोष्टी, आईने झोपताना म्हटलेली गाणी. यागोदाने पहिल्याच महिन्यात स्तेव्हानच्या आवाजाच्या सतरा कॅसेट दिल्या. पण पत्रात एक शब्द लिहिला नाही. कुमाची कंपनी, आपण काय बोलणार.

गेल्या एप्रिलात मिलोये टोमॅटोची रोपं घेऊन आला. रोपं ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, “तू चांगलं लिहू नकोस. खरं लिही. खरं लिहिलंस तरी ते चांगलंच होईल.”

तिने मेमध्ये लिहिलं. ‘ही माणसं मी ओळखते. ही तुमच्या घरचं सामान बाजारात मांडणार नाहीत. माझा शब्द.’ एकोणीस वर्षं नावं ठेवणारी बाई असं म्हणते म्हटल्यावर लोकांनी कपाटं उघडली.

आणि डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी, दुसऱ्या दिवशीच्या पत्रासाठी बातम्या चाळताना तिला ती बातमी दिसली. बोलकी यंत्रं बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीने तावान विकत घेतली होती. त्यांना घरगुती आवाज हवे होते. हसणं, खोकणं, रागावणं, बाळाशी बोलणं; असलं स्टुडिओत मिळत नाही, असं त्यांच्या साहेबाने अभिमानाने सांगितलं होतं. ग्राहकांनी अटींच्या चौदाव्या कलमात संमती दिलेलीच होती. करार मार्चमध्ये झाला, जाहीर आता करत आहोत.

यागोदाने ‘मार्च’ हा शब्द पुन्हा वाचला. मार्च, मग एप्रिल, मग टोमॅटोची रोपं.

तिने मिलोयेला फोन लावला. उचलला नाही. दिवसभरात चार वेळा लावला. संध्याकाळपर्यंत वाचकांची पत्रं यायला लागली. बहुतेकांनी नीट, सभ्यपणे विचारलं होतं. एक पत्र सुबोतित्साच्या पिरोश्काबाईंचं होतं, निवृत्त संगीत शिक्षिकेचं. ‘एकतीस कॅसेट पाठवल्या. सगळ्या वडिलांच्या आवाजात. तुम्ही लिहिलंत म्हणून पाठवल्या, नाहीतर असल्या गोष्टींच्या वाटेला मी जात नाही. आता माझ्या वडिलांचा आवाज कोण वापरणार, आणि काय बोलायला, एवढं सांगाल का?’

यागोदाला ते सांगता येत नव्हतं. उद्याच्या पत्रात काहीतरी लिहायचं होतं, आणि उद्या संत निकोलाचा दिवस होता, स्तेव्हानच्या घराण्याची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला दार उघडायचं असतं.

शुक्रवारी सकाळपासून तिची नणंद रोसांदा स्वयंपाकघरात होती. नाताळाआधीच्या उपासात येणारी स्लावा, मांस चालत नाही, म्हणून मासा, भाजलेले घेवड्याचे दाणे, अक्रोडाची वडी. रोसांदाने सगळं ऐकून घेतलं होतं आणि कार्प माशाचे खवले जरा जास्तच जोरात काढत होती.

“येणार का तो?”

“येईल. न येऊन काय करेल?”

“मग त्याच्या ताटात माशाचं डोकं वाढते, वहिनी. बसेल काटे काढत.”

“रोसा, पाहुणा आहे तो.”

“पाहुणाच म्हणून डोकं. नाहीतर खवले वाढले असते.”

मिलोये बाराला आला. बाकीची मंडळी तीननंतर यायची, हे त्याला ठाऊक होतं. हातात वाइनची बाटली, फुलं. स्लावेच्या मेणबत्तीपुढे त्याने क्रूसाची खूण केली, यागोदाच्या गालावर तीनदा ओठ टेकवले, “स्लावेच्या शुभेच्छा, कुमा,” म्हणाला. ती म्हणाली, “देव तुझं भलं करो.” म्हणावंच लागतं. त्याने वाटीतला उकडलेला गोड गहू चमचाभर खाल्ला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला.

“काल मी मीटिंगमध्ये होतो,” तो म्हणाला.

“दिवसभर?”

“वकील होते.”

“मला मार्चबद्दल सांग, मिलोये.”

त्याने टेबलक्लॉथची घडी बोटाने सपाट केली. “मार्चमध्ये सही झाली, हे खरं आहे. पण तेव्हा ते नुसते भागीदार होणार होते. आवाजांचं काय करणार, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मला सप्टेंबरात कळलं. तुझ्या मुलीची शपथ.”

“माझ्या मुलीची नको. तुला मूलबाळ नाही म्हणून माझं वापरू नकोस.”

रोसांदाने आतून भांडं आपटलं.

“अगं, तू मला ओळखतेस,” तो म्हणाला. “मी कर्जात बुडालो होतो. बारा माणसं कामाला. त्यांना घरी पाठवायचं की सही करायची? तूच सांग.”

“हे मला एप्रिलात विचारायचं होतंस.”

“एप्रिलात सांगितलं असतं तर तू लिहिलं नसतंस.”

“नसतंच लिहिलं.”

“बघ.” जणू काही त्यानेच काही सिद्ध केलं होतं. मग हळू आवाजात म्हणाला, “आजच्या पत्रात काय आहे?”

तिने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला. पत्र सकाळीच लिहून झालं होतं, दाणे ओव्हनमध्ये असताना. या वेळी त्यात क्रांत्या नव्हत्या. ‘या आठवड्याची बातमी एका जुन्या उत्पादनाबद्दल आहे,’ असं सुरू होत होतं. ‘ते म्हणजे माझा शब्द. एकोणीस वर्षं चाललं, मेमध्ये बिघडलं, आणि दुरुस्त होत नाही. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून कॅसेट पाठवल्या त्यांची मी गुन्हेगार आहे. मला फसवलं गेलं हे खरं, पण तुम्हाला तावानने नाही, मी फसवलं.’ खाली आपला आवाज परत कसा मागायचा, अर्ज कुठे करायचा, तीस दिवसांची मुदत कशी मोजायची, हे सगळं पायरीपायरीने दिलं होतं. कुणी फसवलं, ते नव्हतं. रात्रभर विचार करून तिने ते गाळलं होतं.

मिलोये वाचत होता आणि ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती. इतकी वर्षं तिने त्याला कोड वाचताना पाहिलं होतं. चूक शोधताना त्याची नजर उड्या मारत खाली जायची. आताही तशीच गेली, शेवटपर्यंत, मग एकदा वर येऊन परत खाली. त्याने चष्मा काढला. खांदे उतरले.

“चांगलं आहे,” तो म्हणाला. “खरंच चांगलं आहे, कुमा. जरा जास्तच स्वतःला दोष दिलायस.”

“म्हणजे काढू?”

“नको नको. राहू दे.”

रोसांदाने मासा आणून ठेवला. शेवटी डोकं वाढलं नव्हतं, चांगला मधला तुकडा होता. मिलोयेला भूक लागलेली दिसत होती. त्याने पाव मोडला, रश्श्यात बुडवला, आणि मन मोकळं झाल्यासारखं बोलला.

“एक सांगायचं राहिलं. स्तेव्हानची काळजी करू नकोस. त्याच्या सतरा कॅसेट त्यांना दिलेल्याच नाहीत. मी सहीच्या आधीच वेगळ्या काढल्या, स्वतःच्या हाताने. माझ्या घरी कपाटात आहेत.”

यागोदाने हातातला चमचा खाली ठेवला.

“माझा मित्र होता तो,” मिलोये म्हणाला. “त्याच्या आवाजाला कसं हात लावू देईन?”

“सहीच्या आधी,” यागोदा म्हणाली.

“हो.”

“मार्चमध्ये.”

त्याचा पाव वाटीवर थबकला. आपण काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं. रोसांदा दारात उभी होती, हातात पुसणं.

“यागोदा, मी तुझं भलं केलं त्यात.”

“हो. मला आणि स्तेव्हानला वाचवलंस. मग एप्रिलात येऊन माझ्याकडून बाकीच्यांना बोलावून घेतलंस.”

तिचा आवाज चढला नव्हता. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. दोन बोटांनी, सावकाश, तिने पत्रात तीन वाक्यं घातली. मग ती मोठ्याने वाचली, कारण कुणाच्या पाठीमागे लिहायची तिला सवय नव्हती. ‘तावानचे मालक मिलोये हे माझे कूम आहेत. आवाजांचं काय होणार हे त्यांना मार्चमध्येच माहीत होतं, कारण माझ्या नवऱ्याच्या कॅसेट त्यांनी तेव्हाच बाजूला काढल्या. तुमच्या काढल्या नाहीत.’

“निदान आज नको,” मिलोये म्हणाला. “आज स्लावा आहे. उद्या पाठव.”

“आज शुक्रवार आहे.”

“वर देव, खाली कूम, यागोदा. लोक तुलाच नावं ठेवतील.”

“ठेवू देत. मी एकोणीस वर्षं हेच काम केलंय, दुसऱ्यांना नावं ठेवायचं.”

तिने पत्राला चारची वेळ लावून लॅपटॉप मिटला. मिलोये उठून जाईल असं तिला वाटलं. पण स्लावेच्या दिवशी कूम ताटावरून उठून गेला तर का गेला हे सगळ्या गल्लीला कळतं, आणि बसला तर निदान चारपर्यंत कळत नाही. तो बसला. रोसांदाने न बोलता त्याच्या पेल्यात वाइन ओतली.

तीननंतर मंडळी यायला लागली. काट्यावरचे जुने सोबती. गेझा, ज्याने कारखान्याची वायरिंग केली होती, त्याची बायको, आणखी सहा-सात जण. कोटांवर बर्फ, गालांवर तीन-तीन मुके, गव्हाचा चमचा. गेझाने मिलोयेच्या पाठीवर थाप मारली. “काय मिलोये, कंपनी विकलीस म्हणे. आता आम्हाला ओळख देणार ना?” मिलोये हसला. यागोदा मेणबत्तीशेजारी उभी राहून सूप वाढत होती. इतक्या माणसांत ती एकटी होती. स्तेव्हान गेला तेव्हाही असं झालं नव्हतं. तेव्हा शेजारी मिलोये होता.

चार वाजता टेबलाभोवती फोन वाजले. एकाच्या खिशात, मग दुसऱ्याच्या, मग कुणाच्या तरी पर्समध्ये. सगळ्यांना ठाऊक होतं काय आलंय. “यागोदा, आज सुद्धा?” गेझाची बायको हसत म्हणाली. गेझाने चष्मा चढवला, पत्र उघडलं, आणि पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवायच्या बेतात तोंड उघडलं. मग मिटलं. बराच वेळ तो मनातल्या मनात वाचत राहिला. त्याच्या आईच्या नऊ कॅसेट तावानमध्ये होत्या.

“मिलोये,” तो शेवटी म्हणाला. “हे खरं आहे?”

मिलोयेने गेझाकडे पाहिलं नाही. त्याने यागोदाकडे पाहिलं, तोंड अर्धवट उघडं, आणि ती काहीतरी म्हणेल म्हणून थांबून राहिला.

यागोदाने पातेल्यात पळी बुडवली आणि पुढच्याचा वाडगा मागून घेतला. या वेळी बोलायचं होतं ते त्यानेच.